उम्म बासिमचा शहका

आपण जन्मात कधी कुणाचं पाणी तोडलं नाही, असं उस्ताद वग्दी अल-सिरगानी यांचं ठाम मत होतं. त्यांची सगळी हयात पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून गेली होती आणि तरीही हे मत टिकून होतं, यावरून ते किती ठाम होतं हे ध्यानात यावं. नाईलचं पाणी मोठ्या कालव्यातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून पाटांत, आणि तिथून शेवटच्या टोकाला टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते क्वचितच पोचायचं, पण तो दोष पाण्याचा.

निवृत्त होऊन ते मन्सूरातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले आणि एकाएकी त्यांच्याकडे वाटायला काही उरलं नाही. घरातल्या नळाची तोटीसुद्धा त्यांची बायको इनायात हिच्या ताब्यात होती. वाटपाची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. मग ते सल्ले वाटू लागले. लोक ते घेत आणि जिन्यात टाकून देत. अशा रिकाम्या माणसाच्या दारात पाचव्या मजल्यावरची उम्म बासिम आपली तक्रार घेऊन उभी राहिली, तेव्हा पुढे काय होणार हे खरं तर तिथंच ठरलं.

उम्म बासिम विधवा बाई. एकुलता एक मुलगा बासिम इटलीत, तोरिनो शहरात, एका खानावळीच्या भटारखान्यात कामाला. तो दर शुक्रवारी दुपारी तिकडे मोलोखिया रांधायचा. मोलोखियाची पानं बारीक चिरून रश्शात सोडायची, मग तुपात लसूण आणि धणे तांबूस परतून ती फोडणी वरून चर्र करून ओतायची, हे त्याला येत होतं. अडत होतं ते शहक्यापाशी. फोडणी पडते त्याच क्षणी रांधणाऱ्या बाईने छातीवर हात ठेवून, दारात मेलेला नवरा उभा दिसावा तसा श्वास आत ओढायचा असतो: हाऽऽह! हा शहका. तो नसेल तर पानं तळाला बसतात आणि वर नुसतं पाणी राहतं. असं का, ते विचारायचं नसतं. मन्सूरात मोठमोठे डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, पण शहक्याशिवाय मोलोखिया उतरवून बघण्याची छाती त्यांच्यातल्या एकाचीही झालेली नाही. बासिमने एकदा स्वतःच शहका देऊन पाहिला. त्याच्या खोलीतल्या सोबत्याला वाटलं याच्या घशात हाड अडकलं, आणि त्याने याच्या पाठीत असे गुद्दे घातले की पातेलंच लवंडलं. तेव्हापासून आई इकडे टॅब्लेट ओट्यावर टेकवून बसायची, बासिम तिकडे फोडणी ओतायचा, आणि शहका मन्सूराहून जायचा.

"पण उस्ताद, आता तो उशिरा पोचतो हो," उम्म बासिम दाराची चौकट धरून म्हणाली. पाच मजल्यांची ती इमारत. लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टची खोली होती. "फोडणी पडली, भाजी वाढून झाली, पोराने पहिला घास घेतला, की तिकडे माझा शहका ऐकू येतो. मागच्या शुक्रवारी तर मी तोंड उघडलं आणि त्याच्या फोनवर तशीच राहिले. उघडीच्या उघडी. पोरगा म्हणाला, आई, तू बोलशील म्हणून मी अख्खं जेवण होईस्तोवर तुझ्या पडजिभेकडे बघत बसलो होतो."

"आणि बाकी नेट चालतं?" उस्तादांनी निरीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"तेच तर. नेटवाल्या कंपनीच्या मालिका, कंपनीचे सामने, सगळं कसं लोण्यासारखं चालतं. माझं पोरगं तेवढं अडकतं."

उस्ताद वग्दींनी चष्मा काढून पुसला. कुणीतरी वरच्या अंगाला पाटाची मोरी दाबून बसलंय, हे त्यांना वासावरून कळायचं. ते म्हणाले, "उम्म बासिम, तुम्ही निर्धास्त घरी जा. हा शहका वेळेवर पोचेल. हा माझा शब्द."

हा शब्द ऐकून आतून इनायात म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी उस्ताद कोट घालून कंपनीच्या कचेरीत गेले. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. अशा कंपन्यांची कचेरी सगळीकडे थंडगारच असते. तिथं नंबराची चिठ्ठी देतात आणि नंबर लागला की दुसऱ्या खिडकीची चिठ्ठी देतात. शेवटच्या खिडकीत टाय लावलेला एक तरुण बसला होता. त्याने कंपनीच्याच संगणकावर, कंपनीच्याच पानावर वेग मोजून दाखवला आणि तो उत्तम निघाला.

"लाइन एकदम ठणठणीत आहे, उस्ताद. व्हिडिओवर बोलणं आमच्या साध्या पॅकमध्ये जरा मागे धरलेलं असतं, एवढंच. तुम्ही 'जिव्हाळा पॅक' घ्या. आईवडील, मुलंबाळं, सगळे सुरळीत दिसतात."

"म्हणजे तुमचे सामने आधी सोडायचे आणि आईचं बोलणं अडवायचं? मग ते सोडण्यासाठी आईकडूनच पैसे घ्यायचे?" उस्तादांचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळली, तसा तो आणखी चढला. "बाळ, मी कालव्यावर जन्म काढलाय. कालवा कधी विचारत नाही तू भात पेरलास की बरसीम. पाणी आलं की ते सगळ्यांचं!"

टायवाल्या तरुणाने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पाटबंधारेवाले का तुम्ही? माझ्या बापाला तुमच्याच खात्याने भात लावला म्हणून दंड केला होता. पाणी फार पितो म्हणाले. उभं पीक वाळलं."

रांगेत कुणीतरी हसलं. उस्ताद म्हणाले, "तो विषय वेगळा," आणि चिठ्ठी तिथंच ठेवून बाहेर पडले. वाटेत त्यांनी त्या तरुणाला द्यायची तीन-चार खरमरीत उत्तरं तयार केली. ती फार चांगली होती, पण ऐकायला रस्त्यात कुणी नव्हतं.

अपमान झालेला माणूस घरी बसत नाही, तो इमारतीची सभा बोलावतो. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मम्दूह आले. ते खरं तर औषधांचे दुकानदार, पण फार्मसी शिकलेल्याला डॉक्टर म्हणण्याची रीत आहे आणि त्यांनीही ती कधी मोडली नाही. पहिल्या मजल्यावरचे, सोनेरी फर्निचरचे व्यापारी हाजी फतूह आले. बाकीची बिऱ्हाडंही आली. सगळ्यांनी कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं राउटर तांब्याच्या ताटात ठेवा. कुणी म्हणालं माझा मेहुणा कैरोत मोठ्या जागी आहे. प्रत्येकाचा एक मेहुणा कैरोत मोठ्या जागी असतोच. अखेर हाजी फतूह दाढी कुरवाळत म्हणाले, "धंद्याची लाइन घ्या की. माझ्या दुकानात आहे. तिथं काही मागे नाही, काही पुढे नाही. धंदेवाल्याला अडवायची त्यांची टाप नाही."

तीच ती कल्पना. सगळ्या घरांनी आपापल्या लाइनी तोडायच्या, एकच जाडजूड धंद्याची लाइन उस्तादांच्या घरी आणायची, आणि तिथून तारा टाकून घरोघर वाटायची. मुख्य कालवा, चाऱ्या, पाट! उस्तादांना असं वाटलं की नाईल पुन्हा एकदा त्यांच्या अंगणातून वाहणार आहे.

आता, धंद्याची लाइन हवी तर धंदा हवा. तो हाजींच्या नोंदणीवर दाखवायचा ठरला. पण कंपनीचा माणूस जागेची पाहणी करायला येणार, तेव्हा जागेत धंदा दिसायला हवा. म्हणून हाजींनी दुकानातला एक सोनेरी मुलाम्याचा भलामोठा सोफा, सिंहाच्या पायांच्या चार खुर्च्या आणि एक ड्रेसिंग टेबल उस्तादांच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं. उस्तादांचा स्वतःचा सोफा गच्चीवर गेला, आणि तिथल्या कबुतरांनी तो त्याच संध्याकाळी ताब्यात घेतला. सोनेरी सोफ्यावर प्लास्टिक होतं आणि ते काढायचं नाही असं हाजींनी बजावलं होतं. बसलं की तो असा काही कुरकुरायचा की येणारा पाहुणा संकोचून उभाच राहायचा.

"तोरिनोत शहका पोचवायला माझ्या घरात सिंह कशाला हवेत?" इनायात विचारायची. याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि तिला तेवढा वेळ नसायचा.

पाहणी करणारा गृहस्थ आला. हाजींनी त्याला सांगितलं की ही अख्खी इमारत म्हणजे कारखान्याच्या शाखा. डॉक्टर मम्दूह वॉर्निश खात्याचे प्रमुख झाले आणि लाकडावर असं काही बोलले की खुद्द हाजी खोकले. सगळं बिनबोभाट पार पडत होतं. तेवढ्यात जिन्यात उम्म बासिम भेटली. गृहस्थाने सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यात, हाजाबाई?"

"मी?" उम्म बासिम म्हणाली. "मी फक्त शहका देते."

उस्तादांच्या पायांखालची फरशी सरकली. मग बाईने सगळी कथा सांगितली. पोरगा, तोरिनो, फोडणी, पडजीभ, काही म्हणजे काही ठेवलं नाही. त्या गृहस्थाने ती शांतपणे ऐकली. "मोलोखिया सशाच्या रश्शात करता की कोंबडीच्या?" त्याने विचारलं. सशाच्या, असं उत्तर मिळाल्यावर त्याने हातातल्या कागदावर सही केली आणि जाताना सांगितलं, "माझी आई तर असा द्यायची की शेजारच्या गल्लीतली मांजरं पळायची. लाइन परवा येईल."

लाइन आली. तारा डक्टमधून वर-खाली सोडल्या. आमच्या इमारतींचा डक्ट म्हणजे मधली उभी हवेची पोकळी. तिच्यात सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात, सगळ्यांचे वास आणि भांडणं एक होतात आणि सगळ्यांचं धुणं वाळतं. तारा टाकताना डॉक्टरांच्या बायकोचा एक गाऊन गेला आणि उम्म बासिमची दोराला बांधलेली सामानाची टोपली अधांतरी अडकून राहिली. ती सोडवायला उस्ताद खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि स्वतः अडकले. ही सगळी हकिगत सांगण्यासारखी आहे, पण उस्तादांना आवडणार नाही.

आणि मग तो पहिला शुक्रवार. नमाज आटोपून सगळी बिऱ्हाडं आपापल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. वर पाचव्या मजल्यावर टॅब्लेटमधून बासिमचा आवाज आला, "आई, ओतू?" उम्म बासिम म्हणाली, "ओत, माझ्या राजा." तोरिनोत फोडणी चरचरली, आणि मन्सूरात त्या बाईने असा शहका दिला की डक्टमधलं धुणं हललं. मग टॅब्लेटमधून बासिम ओरडला, "आला! आई, वेळेवर आला! पातेल्यातच पडला गं!" खालीवर टाळ्या झाल्या. एका बाईने आनंदाने जीभ वाजवत ललकारी दिली. थोड्या वेळाने डक्टमधून टोपली खाली आली. तिच्यात मोलोखियाचा वाडगा होता, उस्तादांसाठी. उस्ताद तो वाडगा घेऊन सोनेरी सोफ्यावर बसले आणि कधी नव्हे ते इनायातने त्यांना बसू दिलं. त्यांच्या आयुष्यात टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलेलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाणी पोचलं की कसं वाटतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. लसूण तिखट आहे, असं ते इनायातला म्हणाले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण एका लाइनीवर सगळी इमारत आली की जे होतं ते झालं. कुणी रात्रंदिवस सिनेमे उतरवू लागलं. हाजींनी दुकानातले कॅमेरे घरबसल्या बघायला सुरुवात केली, कारण त्यांना कारागिरांवर संशय होता. आणि एका शुक्रवारी दुपारी डॉक्टर मम्दूह तांबडेलाल होऊन उस्तादांच्या दारात आले. रागातही उस्तादांच्या नावाला मानाचा 'बे' लावायला ते विसरले नाहीत.

"वग्दी बे, माझा सामना अडकतो! समोरच्या इमारतीतून 'गोऽऽल' ऐकू येतो आणि माझ्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेवर! म्हणजे मला भविष्य कळतं आणि उपयोग शून्य!"

सभा झाली. गच्चीवरच्या कबुतरांखेरीज सगळे हजर होते. उम्म बासिम मात्र आली नाही. तिचे गुडघे आणि तो जिना, दोघांचं जमत नसे. उस्तादांनी राउटरच्या आत शिरून पाहिलं होतं आणि तिथं त्यांना एक अद्भुत गोष्ट सापडली होती: कुठल्या कामाला आधी सोडायचं आणि कुठलं मागे धरायचं, ते ठरवता येत होतं. एकेका बटणाला एकेक मोरी. त्यांनी प्लास्टिकवर कुरकुरत पुढे सरकून पाणीपाळीची योजना मांडली. त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण दिसत होता.

"शुक्रवारी दुपारी सामन्याचे दोन तास जे पीक सगळ्यात जास्त पाणी पितं ते मागे धरायचं. पुन्हा मोकळं."

"आणि सगळ्यात जास्त पाणी कोण पितं?" हाजींनी विचारलं.

उस्तादांनी चष्मा पुसला. "व्हिडिओवर बोलणं," ते म्हणाले. त्या वेळी इमारतीत व्हिडिओवर बोलणारं माणूस एकच होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी खिडकीबाहेर पाहिलं, कुणी सिंहाच्या पायाकडे.

"एकच शुक्रवार हो," डॉक्टर म्हणाले. "उपांत्य सामना आहे. आणि तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं बघतो मी, आता त्याची काळजी करू नका." उस्तादांनी गोळ्यांमुळे हो म्हटलं असं मुळीच नाही. त्यांनी हो म्हटलं, कारण सगळी इमारत त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मोरी त्यांच्या हातात होती. हे सुख गोळ्यांपेक्षा वाईट.

"पण उम्म बासिमला सांगाल ना आधी?" लोक गेल्यावर इनायातने विचारलं.

"सांगतो की. समजून घेईल ती. टेलचा शेतकरी समजून घेतो."

"कधी घेतलं होतं त्याने?"

"घ्यायचाच," उस्ताद म्हणाले. "न घेऊन सांगतो कुणाला?"

सांगायला ते निघाले होते, हे खरं. चौथ्या मजल्यापर्यंत चढलेही. तिथं त्यांना आठवलं की आपण तिला शब्द दिलाय, आणि शब्द परत घ्यायला जाताना माणूस कसा उभा राहतो ते त्यांना सुचेना. ते खाली आले. त्या शुक्रवारी शहका दिला गेला, पण टॅब्लेटमधून कुणी ओरडलं नाही. खाली डॉक्टरांनी गोल पाहिला, जेव्हा व्हायला हवा तेव्हाच.

एकाचा दुसरा शुक्रवार झाला. उपांत्य सामन्याचा दुसरा भाग होता. मग राखीव सामना, मग मैत्रीचा सामना. जगात इतके सामने असतात याची उस्तादांना कल्पना नव्हती. ते दर वेळी ठरवायचे की आज बटण फिरवायचं, आणि दर वेळी कुणीतरी दारात उभं असायचं. तात्पुरती बंद केलेली मोरी कायमची कशी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग एका सकाळी उम्म बासिम एकेक पायरी उतरत त्यांच्या दारात आली आणि धापा टाकत सिंहाच्या खुर्चीत बसली. "उस्ताद, चार शुक्रवार झाले, माझा शहका पुन्हा वाटेत राहतो. पोरगं म्हणतं, आई, राहू दे, दमतेस. मी म्हटलं, थांब, आमचे उस्ताद आहेत. कंपनीनं पुन्हा काही केलं का हो?"

आतल्या खोलीत इनायातच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

उस्ताद वग्दींनी आयुष्यात हजारो शेतकऱ्यांना सांगितलं होतं की पाणी वरूनच कमी येतंय. ते वाक्य जिभेवर आपोआप आलं. "हो," ते म्हणाले. "कंपनीच. वरूनच कमी येतंय."

"अल्ला त्यांचं वाटोळं करो!" उम्म बासिमने दोन्ही हात वर केले. "आई आणि लेकराच्या मध्ये जो कुणी उभा राहतो, त्याच्या घशाखाली घास न उतरो! म्हणा आमीन."

"आमीन," उस्ताद म्हणाले. जाताना तिने त्यांना आशीर्वाद दिले, कंपनीशी भांडताना तब्येतीला जपा म्हणून सांगितलं, आणि जिना चढायला लागली. त्या दिवशी उस्तादांच्या घशाखाली खरंच घास उतरला नाही. इनायातने ताट उचललं, पण ती काही बोलली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिने त्यांना बरंच काही ऐकवलं होतं. हे न बोलणं त्यांना नवीन होतं.

या शुक्रवारी बटण फिरवायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आणि मला वाटतं, त्यांनी ते फिरवलंही असतं. पण त्या शुक्रवारी अंतिम सामना होता, आणि डॉक्टर मम्दूहना जिना चढायचा कंटाळा आला. त्यांनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये तोंड घातलं आणि सगळी इमारत दणाणेल अशा आवाजात हाक दिली, "वग्दी बेऽऽ! आजही म्हातारीची लाइन दाबून ठेवा हं! फायनल आहे!"

डक्टमध्ये सगळं ऐकू येतं, खालून वर तर जास्तच. वर पाचव्या मजल्यावर पाट्यावर लसूण ठेचला जात होता. तो आवाज थांबला.

तिने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. उस्तादांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, चार लोक मध्ये पडले असते, आणि संध्याकाळच्या चहाला सगळं निवळलं असतं. थोड्या वेळाने डक्टमधून टोपली खाली आली. तिच्यात इनायातचं ताट होतं, मागच्या आठवड्यात तिने बसबूसाच्या, म्हणजे रव्याच्या गोड वड्या भरून वर पाठवलेलं. ताट घासूनपुसून लख्ख केलं होतं आणि रिकामं होतं. शेजारचं ताट रिकामं परत पाठवू नये, मूठभर साखर तरी घालावी, एखादं लिंबू ठेवावं, हे आमच्याकडे लहान मुलालासुद्धा कळतं. इनायातने ते ताट टोपलीतून काढलं आणि उस्तादांसमोर सोनेरी टेबलावर ठेवलं.

उस्तादांनी त्याच बैठकीत राउटरमधली सगळी बटणं सरळ केली. काही मागे नाही, काही पुढे नाही. खाली डॉक्टरांचा अंतिम सामना पेनल्टीच्या ऐन वेळी अडकला आणि त्यांनी डक्टमध्ये जे काही उद्गार काढले, त्यांच्यावर उस्तादांनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. हाजी फतूह रागावले आणि त्यांनी आपलं फर्निचर परत नेलं. कबुतरांनी सोफा सोडला नाही, त्यामुळे दिवाणखान्यात आता जमिनीवर बसावं लागे. या सगळ्याचं उस्तादांना काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष पुढच्या शुक्रवारकडे होतं.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर ते खिडकीशी उभे राहिले. वरून लसूण तळल्याचा वास आला. फोडणी चरचरली. शहका आला नाही. मोलोखियाची फोडणी पडली आणि डक्टमध्ये कुणी श्वास घेतला नाही, असं त्या इमारतीत प्रथमच घडत होतं. वरच्या, खालच्या, सगळ्या खिडक्यांतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

उस्ताद पाचव्या मजल्यावर चढून गेले. या वेळी चौथ्यावर थांबले नाहीत. दार उघडंच होतं. उम्म बासिम ओट्याशी उभी होती. टॅब्लेट कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

"या, उस्ताद," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना जास्त भीती वाटली.

"उम्म बासिम, लाइन मोकळी आहे. पूर्ण मोकळी. मीच..." ते अडले. "मीच अडवली होती. कंपनी नव्हती. मी होतो. मला माफ करा."

"कळलं मला. डॉक्टरांचा आवाज खणखणीत आहे." तिने पातेल्यात डाव फिरवला. "बसा ना."

"बासिमला फोन लावा ना. आता जाईल शहका, बघा तुम्ही. ओत म्हणायच्या आत जाईल."

"लावते की. रोज बोलतो आम्ही, तब्येत कशी, हवा कशी." तिने डाव पातेल्यावर आडवा ठेवला. "त्याने गेल्या शुक्रवारी मोलोखिया केली. शहका पोचत नव्हता, तर थांबला नाही, तशीच ओतली फोडणी. मला म्हणाला, आई, गंमत सांगू? शहका दिला नाही तरी तशीच होते गं. अगदी तशीच. पानं खाली बसत नाहीत, काही नाही. इतकी वर्षं आपण उगाचच. हसत होता. मी पण हसले." तिने गॅस बंद केला. "आता शुक्रवारी त्याला दुपारची पाळी लावून घेता येते. चार पैसे जास्त मिळतात."

उस्तादांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. चार शुक्रवार थांबायला लावलं नसतं, तर त्या पोराने ते जन्मात कधी करून पाहिलं नसतं. मन्सूरात कुणीच कधी करून पाहिलं नव्हतं.

तिने एका वाडग्यात मोलोखिया वाढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "खाऊन बघा. आज मीही दिला नाही."

उस्तादांनी चमचा बुडवला. हिरवीगार, एकजीव, चमच्यावरून रेशमासारखी ओघळणारी. तळाला काही नव्हतं, वर पाणी नव्हतं. चव नेहमीसारखीच, त्या पहिल्या शुक्रवारच्या वाडग्यासारखीच होती. त्यांनी घास गिळला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"नाही हो," ते म्हणाले. "बिघडली. पानं खाली बसलीत बघा, स्पष्ट दिसतंय. शहका हवाच. बासिमला अजून कळत नाही. त्याला सांगा, उस्ताद वग्दी म्हणाले की शहका हवाच."

उम्म बासिमने पुढे वाकून वाडग्यात पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो, उस्ताद," ती म्हणाली. "मग त्या दिवशी कंपनीचं नाव घेताना कसं जमलं?"

उस्तादांनी वाडगा संपवला. मग तो नळाखाली धरला, धुतला, आणि पालथा घालावा की हातात धरून उभं राहावं, हे न कळून ते तिथंच उभे राहिले.